प्रभुप्रकटनाचा काळ : दार उघडण्याचे दिवस

(वाचन : मत्तय २:१-१२)



नाताळाचे दिवस सरले. मुंबईहून आलेलीं मुलेंबाळें परत कामावर गेलीं, दारावरचे कंदील उतरले, करंज्यांचे डबे रिकामे झाले. गांवोगांवच्या मंडळ्यांत आतां असें समजलें जातें कीं सण आटोपला, पुढचें विशेष तें उपवासकाळींच. परंतु ख्रिस्ती मंडळीच्या पुरातन पंचांगाप्रमाणें सण आटोपलेला नाहीं. नाताळापासून बारा दिवस मोजले म्हणजे ६ जानेवारी येते. ह्या दिवसाचें ग्रीक भाषेंतून आलेलें नांव एपिफनी. मराठींत आम्ही त्यास प्रभुप्रकटनाचा सण म्हणतों. नव्या करारांतील शेवटच्या पुस्तकाचें नांव प्रकटीकरण आहे, त्याशीं ह्याचा घोळ करूं नये. ख्रिस्त जन्मला हें नाताळ सांगतें. तो कोणाकोणासाठीं जन्मला हें प्रभुप्रकटन सांगतें. पहिली गोष्ट आम्हीं सर्वांनीं आनंदानें ऐकली. दुसरी ऐकावयास थोडें धैर्य लागतें, म्हणून तिच्याविषयीं आज लिहितों.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील जुन्या मंडळ्यांस हा सण परका वाटावा ह्यांत नवल नाहीं. १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी बाणकोटास आले, आणि १८७३ सालीं अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननें रत्नागिरी येथें आपलें ठाणें घातलें. हे दोघेही ज्या परंपरेंतले, तिनें १५६० सालीं स्कॉटलंडांत मंडळीची शिस्त लिहून काढितांना नाताळ आणि प्रभुप्रकटन हे दोन्ही सण बाजूस सारिले होते. शास्त्रांत ह्यांची आज्ञा नाहीं, असें तिचें म्हणणें होतें. नाताळ कालांतरानें परत आला. प्रभुप्रकटन मागेंच राहिलें. लूथरन मंडळ्यांचा मार्ग निराळा. मार्टिन लूथर ह्यांनीं संतांचे पुष्कळ सण कमी केले, पण ख्रिस्ताचे सण राखिले. १५२१-२२ मध्यें वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून राहिले असतां त्यांनीं नाताळापासून प्रभुप्रकटनापर्यंतचीं प्रवचनें लिहिलीं, त्यांत मागी लोकांच्या वृत्तांतावरील प्रवचन फारच विस्तृत आहे. आज आपल्या देशांत तमिळ प्रांतीं, आंध्रांत व छोटानागपुरांत मोठ्या लूथरन मंडळ्या आहेत, आणि त्यांच्या पंचांगांत हा काळ आहे. शेजारच्या घरीं चांगलें बियाणें असलें तर आपण तें मागून आणितों. तसें हें आहे.

आतां वृत्तांताकडे वळूं. पूर्वेकडून आलेल्या त्या ज्ञानी लोकांस मत्तय राजे म्हणत नाहीं, ते तिघे होते असेंही तो सांगत नाहीं. तीन दानांचीं नांवें मात्र देतो. ते तारे पाहून भविष्य शोधणारे परदेशी होते. यरुशलेमांतील शास्त्री अशा लोकांस आपल्या ओटीवर बसूं देते ना. परंतु घडलें काय तें पाहा. मशीहा कोठें जन्मावयाचा हें हेरोदानें विचारतांच शास्त्र्यांनीं मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आधारें बेथलेहेमाचें नांव तात्काळ सांगितलें. उत्तर बिनचूक होतें. यरुशलेमाहून बेथलेहेम सुमारें तीन कोस. पण शास्त्र्यांपैकीं कोणी तिकडे गेल्याचें मत्तय लिहीत नाहीं. ज्यांस ठाऊक होतें ते घरीं राहिले, आणि ज्यांस ठाऊक नव्हतें ते विचारीत विचारीत पोंचले. जाणणें आणि जाणें ह्यांत एका अक्षराचा फरक आहे, पण सारें प्रभुप्रकटन त्या फरकांत सांठविलेलें आहे. आम्ही रविवारीं रविवारीं शास्त्र ऐकणारे लोक आहों. आम्हांस बेथलेहेमाचा पत्ता पाठ आहे. प्रश्न पायांचा आहे.

आमच्या रत्नागिरीनें पूर्वेकडचा एक खराखुरा राजा पाहिलेला आहे. १८८५ सालीं इंग्रजांनीं ब्रह्मदेशाच्या थिबा राजास पदच्युत केलें आणि १८८६ सालीं त्यास येथें आणून ठेविलें. तो तीस वर्षें येथें बंदिवासांत राहिला आणि १९१६ सालीं येथेंच वारला. त्याच्यासाठीं बांधलेला वाडा पाहावयास लोक आजही येतात. राजा म्हटला म्हणजे, कैदी असला तरी, माणसें मान वळवून पाहतात. परंतु हल्लीं पूर्वेकडून येथें येणारे लोक राजे नव्हेत. पौष-माघांत आंब्यास मोहोर धरूं लागला म्हणजे बागांच्या राखणीस नेपाळांतून पुष्कळ माणसें येतात. ते बागेंतल्या खोपटांत राहतात, रात्रभर जागून वानरें व चोर ह्यांपासून बाग सांभाळतात, आणि आंबा उतरला म्हणजे निघून जातात. मिरकरवाड्याच्या मच्छीमारी नौकांवरही त्यांच्यापैकीं पुष्कळ खलाशी आहेत. प्रभुप्रकटनाच्या ऐन दिवसांत हे पूर्वेकडचे लोक आमच्या वेशीपाशीं असतात. त्यांच्यापैकीं एकाचें तरी नांव आमच्या मंडळींतल्या कोणास ठाऊक आहे काय?

लूथरन मंडळ्यांत हा सण एका दिवसांत संपत नाहीं. पुढचे रविवार प्रभुप्रकटनानंतरचा पहिला, दुसरा, तिसरा असे मोजीत उपवासकाळाच्या उंबरठ्यापर्यंत जातात. ईस्टर लवकर आला तर ते थोडे, उशीरा आला तर अधिक. अलीकडे पुष्कळ लूथरन मंडळ्यांनीं तीन वर्षांची वाचनमाला घेतली आहे आणि तींत पहिल्या रविवारीं योर्देनेंतील बाप्तिस्म्याचें वाचन येतें. आम्ही येथें शतकानुशतकें चालत आलेला जुना क्रम घेतों, कारण त्यांत एक धागा स्पष्ट दिसतो : दर रविवारीं प्रकाश घरच्या माणसांच्या पलीकडे एक पाऊल टाकितो.

पहिल्या रविवारीं बारा वर्षांच्या येशूचें वाचन होतें. आईबापांनीं त्यास सोयऱ्याधायऱ्यांत शोधिलें आणि तो तेथें सांपडला नाहीं. तो पित्याच्या मंदिरांत होता. ख्रिस्त आमच्या नात्यागोत्यांतच असेल असें धरून चालणारांनीं हा रविवार विसरूं नये.

दुसऱ्या रविवारीं काना गांवचें लग्न. ह्या दिवसांत आमच्या गांवांतही लग्नाच्या तारखा धरल्या जातात, म्हणून हें वाचन लोकांस गोड लागतें. पाण्याचा द्राक्षारस झाला, तो भोजनकारभाऱ्यानें चाखला, पण कोठून आला हें त्यास कळलें नाहीं. ज्या चाकरांनीं रांजण भरिले त्यांस कळलें. प्रभूनें आपलें गौरव प्रथम पाणी भरणारांच्या हातांत दाखविलें. लग्नघरीं पंक्तीस बसलेल्यांची नांवें आम्ही लक्षांत ठेवितों. मागील दारीं पाणी भरणारांची नांवें कोण ठेवितो?

तिसऱ्या रविवारीं दोन माणसें येतात : एक कुष्ठी, एक रोमी शताधिपति. एकास रोगामुळें बाहेर घातलेलें, दुसरा परकी सत्तेचा अंमलदार म्हणून नकोसा. प्रभु पहिल्यास हात लावितो, आणि दुसऱ्याच्या विश्वासाची अशी वाखाणणी करितो कीं तशी त्यानें आपल्या लोकांचीही केली नव्हती. पूर्वीं आमचे लोक ज्यास महारोग म्हणत तो कुष्ठरोग आज औषधानें पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं अनेक औषधें एकत्र देण्याचा उपचार सांगितला, आणि तेव्हांपासून लाखों लोक बरे झाले. रोग गेला, पण बऱ्या झालेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यावयास आमचें मन अजून कचरतें. औषधानें जें होत नाहीं तें प्रभूच्या स्पर्शानें व्हावयाचें आहे, आणि तो स्पर्श आतां आमच्या हातांनीं व्हावयाचा आहे.

चौथ्या रविवारीं समुद्रावरील वादळ. हें वाचन कोंकणच्या मंडळीस समजावून सांगावें लागत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें दापोली-मंडणगडाकडील छपरें उडविलीं आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ किनाऱ्याशेजारून गेलें, आणि २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण पाण्याखालीं गेलें. त्या प्रसंगीं एक गोष्ट सर्वांनीं पाहिली : पाणी घरांत शिरतांना आंतल्या माणसांचा धर्म व जात विचारीत नाहीं. मार्क हीच गोष्ट लिहितांना एक लहानसा उल्लेख करितो, तो आम्ही वाचतांना ओलांडून जातों. प्रभूच्या तारवाबरोबर दुसरींही तारवें होतीं, असें तो सांगतो. त्यांतल्या लोकांनीं प्रभूस हांक मारिली नव्हती. तो कोणत्या तारवांत निजला आहे हेंही त्यांस कदाचित् ठाऊक नसेल. तरी समुद्र निवांत झाला तो त्यांच्यासाठींही झाला. जी मंडळी केवळ आपल्या होडीसाठीं प्रार्थना करिते तिनें हा उल्लेख पुन्हां पुन्हां वाचावा.

पांचव्या रविवारीं गव्हांतील निदणाचा दृष्टांत. कोंव लहान असतांना भात कोणतें आणि गवत कोणतें हें ओळखितांना जुन्या शेतकऱ्याचीही नजर फसते. मग माणसांची पारख करणारे आम्ही कोण? कोण आंतला आणि कोण बाहेरचा हें ठरविण्याचें काम धन्यानें आम्हांस दिलेलें नाहीं. तें त्यानें कापणीवर ठेविलें आहे.

आणि शेवटच्या रविवारीं डोंगरावरील रूपांतर. इतर पुष्कळ मंडळ्या हा सण ६ ऑगस्टास पाळितात. लूथरन मंडळ्यांनीं तो प्रभुप्रकटनाच्या काळाच्या शेवटीं ठेविला, आणि त्यांत मोठें शहाणपण आहे. ताऱ्याच्या उजेडानें आरंभ झालेला काळ प्रभूच्या मुखावरील तेजानें संपतो. पेत्रास वाटलें कीं येथेंच तीन मंडप घालून राहावें. पण डोंगराच्या पायथ्याशीं एक बाप आपला आजारी मुलगा घेऊन वाट पाहत होता. प्रभु खालीं उतरला, आणि शिष्यांसही उतरावें लागलें. तेथून वाट उपवासकाळाकडे व वधस्तंभाकडे जाते.

असा हा काळ आहे. रत्नदुर्गाच्या टोकावरचें दीपगृह आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्याचा दिवा रखवालदाराच्या घरांत उजेड पडावा म्हणून लाविलेला नाहीं. तो दूर अंधारांत असलेल्या, ज्यांचीं नांवें रखवालदारास कधींही कळणार नाहींत अशा नौकांसाठीं आहे. मंडळीचा दिवा त्याच जातीचा आहे.

लूथरन मंडळ्यांनीं हें नेहमीं साधलें असें मात्र नाहीं, आणि सत्य सांगावयाचें तर त्यांच्या उणिवेपासूनही आम्हीं शिकलें पाहिजे. ९ जुलै १७०६ रोजीं त्सीगेनबाल्ग व प्ल्यूत्शाउ हे दोन लूथरन तरुण तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथें उतरले. हिंदुस्थानांत आलेले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी. पुढल्या वर्षीं त्यांनीं पहिला बाप्तिस्मा दिला तो डेन लोकांच्या घरच्या पांच गुलामांस. केवढा सुंदर आरंभ! काना गांवाप्रमाणें येथेंही गौरव प्रथम चाकरांस दिसलें. परंतु त्याच मंडळ्यांत पुढें उच्च मानलेल्या जातींचे ख्रिस्ती एका बाजूस आणि अस्पृश्य मानलेले ख्रिस्ती दुसऱ्या बाजूस बसूं लागले, आणि ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तारा सर्वांस दिसला, पण घरांत गेल्यावर चटया निराळ्या!

त्याच परंपरेंतली दुसरी एक गोष्ट आम्हां मराठी लोकांच्या जवळची आहे. तंजावरास शिवाजी महाराजांचे बंधु व्यंकोजी ह्यांच्या वंशाचें मराठी राज्य होतें. तेथील तुळजाजी राजांनीं मरतेसमयीं, १७८७ सालीं, आपला दत्तक पुत्र सरफोजी ह्याचा सांभाळ श्वार्त्स नांवाच्या वृद्ध लूथरन पाळकाकडे सोंपविला. श्वार्त्स साहेबांनीं राज्यावरील तंट्यांतून त्या मुलास जपलें व त्यास विद्या दिली. १७९८ च्या फेब्रुवारींत ते वारले, आणि त्याच वर्षीं सरफोजी गादीवर बसले. त्यांनीं सरस्वती महाल ग्रंथालय वाढविलें, छापखाना घातला, आणि १८०६ सालीं इसापाच्या गोष्टींचें मराठी पुस्तक बालबोध मुक्तावली तेथें छापून निघालें. आपल्या गुरूचें संगमरवरी स्मारक फ्लॅक्समन नांवाच्या इंग्रज शिल्पकाराकडून करवून त्यांनीं तंजावरच्या देवळांत बसविलें. सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहींत. मग श्वार्त्स साहेबांचे श्रम वायां गेले काय? आम्ही म्हणतों, नाहीं. मागी लोक बाळास नमन करून दुसऱ्या वाटेनें आपल्या देशीं गेले; पुढें ते कोण झाले हें मत्तय सांगत नाहीं. प्रकाश दाखविणें हें मंडळीचें काम. हिशेब ठेवणें हें देवाचें. जो शेजाऱ्यावर प्रीति करण्याआधीं तो आपल्यांत येईल कीं नाहीं हें मोजतो, त्याची प्रीति दुकानदारी आहे.

आतां आमच्या स्वतःच्या गांवाकडे पाहूं. २२ फेब्रुवारी १९३१ रोजीं रत्नागिरींत पतितपावन मंदिर उघडलें. सावरकरांच्या प्रेरणेनें दानशूर भागोजीशेठ कीर ह्यांनीं तें बांधविलें, आणि ज्यांस इतर देवळांच्या पायरीशीं थांबावें लागे अशा अस्पृश्य मानलेल्या लोकांसह सर्व हिंदूंस त्याच्या गाभाऱ्यापर्यंत जातां येऊं लागलें. त्यांचा धर्म आमचा नव्हे, त्यांचीं सर्व मतेंही आमचीं नव्हेत. पण शेजाऱ्यानें आपलें दार उघडलें हें पाहून आम्हीं आपल्या दाराची कडी तपासूं नये काय? आमच्या मंडळ्यांत चटया वेगळ्या नाहींत हें खरें. पण सोयरीक जुळवितांना आजोबा कोणत्या वाडींतले हें अजून हळूच विचारलें जातें. नवा बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबास पंच होण्यास किती वर्षें लागतात, आणि जुन्या घराण्यांतील मुलास किती, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं मोजावें. अनोळखी मनुष्य उपासनेस आला तर तो शेवटच्या बांकावर एकटा बसतो, आणि गीतांचें पुस्तक हातांत नसल्यामुळें तोंड मिटून उभा राहतो. त्याच्या पुढल्याच बांकावर तिघेजण एक एक पुस्तक धरून गात असतात. त्या मनुष्यानें तारा पाहिला म्हणूनच तो आला ना? मग घरांत शिरल्यावर त्यास कोणी भेटलें नाहीं, तर हा दोष ताऱ्याचा नव्हे.

म्हणून लहान मंडळ्यांस झेंपतील अशा चार गोष्टी सुचवितों. पहिली, ६ जानेवारीस किंवा त्यालगतच्या रविवारीं प्रभुप्रकटनाची उपासना करावी आणि वर सांगितलेलीं वाचनें क्रमानें घ्यावीं. ज्या गांवीं पाळक महिन्यांतून एकदांच पोंचतो तेथें पंचांनीं वाचून दाखविलीं तरी पुरे. दुसरी, त्या दिवसाचें दान मंडळीच्या स्वतःच्या खर्चास न लावितां बाहेरच्यांसाठीं काढून ठेवावें. स्वीडन व जर्मनी येथील लूथरन मंडळ्यांत हा दिवस मिशनच्या दानाशीं जोडलेला आहे. तिसरी, ह्या सहा आठवड्यांत प्रत्येक घरानें आपल्या जातीचा नव्हे व आपल्या नात्याचा नव्हे अशा एका तरी माणसास जेवावयास बोलवावें, किंवा त्याच्याकडे जावें. बागेंतल्या नेपाळी राखणदाराकडे एक तांब्याभर ताक घेऊन गेलेला ख्रिस्ती मनुष्य मागी लोकांच्या उलट दिशेनें, पण त्याच वाटेवर चाललेला आहे. त्याचा धर्म बदलावा म्हणून नव्हे, तर आमची दृष्टि बदलावी म्हणून जावें. संक्रांतीस शेजारी तिळगूळ देतात. तो हंसतमुखानें घ्यावा आणि गोड बोलण्याचें त्यांचें मागणें आपल्याही प्रभूचें आहे हें ओळखावें. चौथी, उपासनेच्या वेळीं दोन माणसें दाराशीं बसण्यास नेमावीं, आणि त्यांनीं आपलें गीतांचें पुस्तक नवीन येणाऱ्याच्या हातीं द्यावें.

ह्यांपैकीं कोणत्याही गोष्टीस पैसा फारसा लागत नाहीं. लागते ती एक गोष्ट : प्रकाश माझ्या मालकीचा आहे ही समजूत सोडून देण्याची तयारी. हेरोदास ती सोडवेना, म्हणून बेथलेहेमांत रडणें झालें. शास्त्र्यांस ती सोडवेना, म्हणून ते घरीं राहिले. मागी लोकांनीं आपल्या पेट्या उघडिल्या, आणि त्यांस मोठा आनंद झाला असें शास्त्र सांगतें.

हे प्रभो, तूं परक्यांस तारा दाखविलास आणि आम्हांसही, जे एके काळीं परकेच होतों. आमच्या घराचें दार, आमच्या पंक्तीची जागा आणि आमच्या मनाची कडी तुझ्या हातीं असो. जे विचारीत विचारीत येत आहेत त्यांस आमच्या उंबरठ्यावर अंधार न सांपडो. आमेन.